फादर थॉमस स्टीफन्स : स्वतःस विसरून प्रभूचे स्तवन करणारा धर्मगुरू

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपण देवळाचा पाया घालणारांची, वेदी व घंटा अर्पण करणारांची आणि आपल्या धर्मग्रामाची सेवा करून परलोकी गेलेल्या धर्मगुरूंची कृतज्ञतेने आठवण करतो. ते योग्यच होय. परंतु देऊळ केवळ दगडचुन्याचे नसते. ज्या शब्दांनी भाविक जन वेदीसमोर गुडघे टेकून परमेश्वराची स्तुती करतात, ते शब्दही देवळाच्या भिंतींइतकेच देवळाचे असतात. आणि त्या शब्दांचेही कोणी बांधणारे होऊन गेलेले असतात. मराठी भाषेत प्रभू येशू ख्रिस्ताचे चरित्र व स्तवन ज्याने प्रथम मोठ्या ग्रंथरूपाने गुंफले, तो पुरुष मराठी नव्हता, हिंदी नव्हता, पोर्तुगीजही नव्हता. तो इंग्रज होता. त्याने आपला देश, आपली भाषा व आपले नावसुद्धा मागे टाकले, आणि परक्या लोकांच्या ओठांवर त्यांच्याच भाषेत देवाची स्तुती ठेवून तो निघून गेला. त्या पुण्यपुरुषाचे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे, चरित्र आज आपणापुढे संक्षेपाने ठेवावयाचे आहे.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात बुश्टन नावाचे एक खेडे आहे. तेथे १५४९ च्या सुमारास थॉमसचा जन्म झाला. वडील व्यापारी होते. घरची स्थिती चांगली. परंतु काळ मोठा कठीण होता. एलिझाबेथ राणी १५५८ साली गादीवर आली आणि पुढल्याच वर्षी इंग्लंडात कॅथलिक उपासना कायद्याने बंद झाली. ज्या देवळांत शेकडो वर्षे मिस्साबली अर्पण होत आला होता, त्याच देवळांत तो गुन्हा ठरला. धर्मगुरू लपूनछपून फिरू लागले आणि भाविक कुटुंबे दारे लावून प्रार्थना करू लागली. उघडपणे, सर्वांबरोबर, मोठ्याने देवाची स्तुती करता येणे हे केवढे भाग्य आहे, हे ज्याला ते नाकारले जाते त्यालाच कळते. थॉमसला ते कोवळ्या वयात कळले.

तरुणपणी त्याचा थॉमस पाउंड नावाच्या गृहस्थाशी स्नेह जडला. हा पाउंड मोठा श्रीमंत असून काही काळ राणीच्या दरबारात वावरलेला होता. पण दरबारी वैभवाचा त्याला वीट आला आणि तो प्रार्थनेकडे व प्रायश्चित्ताकडे वळला. दोघांनीही येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला. सुमारे दोन वर्षे ते दोघे गुप्तपणे धर्मकार्य करीत हिंडले. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स चाकराचा वेष घेऊन पाउंडच्या मागे चालत असे. व्यापाऱ्याचा सुशिक्षित मुलगा, पण लोकांच्या नजरेत तो कोणाचा तरी नोकर होता. परमेश्वराने त्याला पुढे जे कार्य द्यावयाचे होते, त्याचा पहिला धडा तो येथेच शिकला असे म्हटल्यास वावगे होणार नाही. कारण जो चाकर होऊन मागे उभा राहू शकतो, तोच धन्याची स्तुती निर्मळ मुखाने करू शकतो.

देशाबाहेर निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडला गेला. निरनिराळ्या तुरुंगांत त्याची सुमारे तीस वर्षे गेली. स्टीफन्स एकटाच निसटून रोमला पोहोचला आणि १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात येशूसंघात दाखल झाला. परंतु तेथे सुखरूप पोहोचल्यावर तो बंदीवान मित्राला विसरला नाही. पाउंडला तुरुंगात असतानाच संघाचा सभासद करून घ्यावे, अशी विनंती त्याने वरिष्ठांपाशी केली, आणि १५७८ साली ती मान्य झाली.

पूर्वेकडील मिशनात जाण्याची स्टीफन्सला तळमळ लागली होती. संत फ्रान्सिस झेवियर यांना देवाघरी जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती आणि त्यांच्या कार्याची कीर्ती युरोपभर पसरली होती. ता. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजे निघाली. त्यांपैकी एकावर स्टीफन्स होता. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालणारा तो प्रवास सहा महिन्यांहून अधिक लांबला. ताजे अन्न मिळेना; हिरड्या सुजून सर्वांग दुखविणारा स्कर्व्ही रोग जहाजावर पसरला. दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. अखेर ता. २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच, असे इतिहासकार मानतात.

गोव्यास उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आतच त्याने वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. समुद्र, वारे, मासे, पक्षी, रोगराई, सर्व काही त्यात आले आहे. ते पत्र पुढे हॅक्लूटच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि पूर्वेच्या जलमार्गाविषयी इंग्लंडात मोठे कुतूहल उत्पन्न झाले. ज्या वाटेने पुढे इंग्रज व्यापारी मिरी व मोती शोधीत आले, त्या वाटेने हा एक इंग्रज काहीही न मागण्यासाठी आला होता. तो पुन्हा कधी मायदेशी गेला नाही.

१५८० साली गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी प्रांतात काम करू लागले. (मुंबई-ठाण्याची साष्टी ती निराळी.) मडगाव, रायतूर ऊर्फ राशोल व आसपासची खेडी हेच पुढे जवळजवळ चाळीस वर्षे त्यांचे जग झाले. काही काळ ते साष्टीच्या विद्यालयाचे प्रमुख होते. बाकीची वर्षे त्यांनी खेड्यापाड्यांतील देवळांत सामान्य धर्मगुरू म्हणून घालविली.

तेथील लोकांची त्या वेळची अवस्था आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती सांगताना काही झाकून ठेवता कामा नये. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील मंदिरे १५६७ च्या सुमारास मोठ्या संख्येने पाडली होती. जुनी पुराणे वाचण्यास व पोथ्या बाळगण्यास मनाई झाली होती. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायासनाचा धाक होता. प्रभू येशूने कोणालाही बळाने आपल्यामागे ओढले नाही. त्याच्या नावाने जे बळ वापरले गेले त्याचा आज कोणत्याही ख्रिस्ती मनुष्याला खेदच वाटेल. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे त्या साचलेल्या क्षोभाचा स्फोट झाला. फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा, जे थोड्याच दिवसांपूर्वी अकबर बादशहाच्या दरबारातून परत आले होते, ते व त्यांचे चार येशूसंघी सोबती मारले गेले. त्यांच्याबरोबर इतर ख्रिस्ती माणसेही मेली. आणि मागाहून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या पुढाऱ्यांना ठार केले. पाच येशूसंघीयांना पोप तेराव्या लिओ यांनी १८९३ साली धन्यपद दिले.

फादर स्टीफन्स यांच्या ओळखीचे, रोजच्या सहवासातले हे बंधू होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या भावाला लॅटिन भाषेत जे पत्र लिहिले, त्यात ही दुःखद हकीकत आहे. आश्चर्य असे की त्याच पत्रात माडाच्या झाडाचे कौतुक आहे, आणि येथील भाषांचेही आहे. या भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांच्या ठेवणीशी जुळते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. पाश्चात्य पंडितांनी हे साम्य शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्यास पुढे दोनशे वर्षे लागली. ज्या भूमीत आपल्या बांधवांचे रक्त सांडले, त्या भूमीच्या बोलीवर रागावण्याऐवजी त्यांनी तिच्यावर प्रेम केले.

त्याच साली आणखी एक गोष्ट घडली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांच्यावर हेर असल्याचा संशय होता. फादर स्टीफन्स यांनी खटपट करून, जामीन मिळवून त्यांची सुटका करविली. ते स्वधर्मीय आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांनी मदतीच्या आड येऊ दिला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. नवख्रिस्ती लोक देवळात येत, मिस्सेला उभे राहत, लॅटिन प्रार्थना ऐकत. पण ज्या लोकांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या ओव्या पडल्या होत्या, सायंकाळी पुराण ऐकण्यात ज्यांची मने रमत होती, त्यांच्या घरी आता शांतता पसरली होती. जुने गाणे गेले आणि नवे आले नव्हते. मनुष्य परक्या भाषेत आज्ञा पाळू शकतो, हिशेब ठेवू शकतो; परंतु परक्या भाषेत त्याचे हृदय मोकळे होत नाही. साष्टीच्या देवळात धर्मशिक्षण चालू असता एका ब्राह्मण नवख्रिस्ताने ही उणीव धीटपणे बोलून दाखविली, असे पुढे ग्रंथाच्या आरंभी वर्णिले आहे. जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. धर्मगुरूला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटू शकला असता. फादर स्टीफन्स यांना तो न्याय्य वाटला, आणि त्यांनी आपले आयुष्य त्याच्या उत्तराला वाहिले.

हे काम सोपे नव्हते. त्यांनी रस्त्यावर कामापुरती बोली शिकून समाधान मानले नाही. लोक घरी जी कोकणी बोलत ती त्यांनी शिकलीच. पण लोक ज्या भाषेत काव्य व धर्मकथा ऐकत, ती ग्रांथिक मराठीही त्यांनी आत्मसात केली. मराठी संतकवींनी ज्या ओवीला घराघरांत नेले, तीच ओवी त्यांनी उचलली. प्रौढ वयाचा विद्वान मनुष्य पुन्हा बालक होऊन अक्षरे गिरवू लागला. परक्याच्या जिभेवर नवी भाषा अडखळते तेव्हा लोक हसतात. त्या हसण्याला जो भितो, त्याची भाषा कधी सुधारत नाही. फादर स्टीफन्स यांच्या ओवीचा डौल पाहिला म्हणजे त्यांनी किती वर्षे नम्रपणे कान देऊन ऐकले असेल, याची कल्पना येते.

त्यांची आणखी एक इच्छा होती. गोव्यात १५५६ पासून छापखाना होता, परंतु त्यात देशी लिपीचे खिळे नव्हते. पुस्तके लोकांच्या भाषेत व लोकांच्याच लिपीत छापली जावीत असे त्यांना फार दिवसांपासून वाटे. १६०८ साली संघाच्या रोममधील सर्वोच्च प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही तळमळ व्यक्त केली. युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, ही मोठी अडचण त्यांनी तेथेच नमूद केली आहे. ती इच्छा पूर्ण झाली नाही. अखेरीस ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. अनेक वर्षे जपलेला मनोरथ मोडला म्हणजे दुर्बळ मनुष्य रुसून काम टाकतो. फादर स्टीफन्स यांनी मिळाले ते खिळे घेतले आणि काम पुरे केले.

१६१६ साली रायतूर येथे तो ग्रंथ छापून निघाला. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्टच्या सुमारास होते. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव जगात ख्रिस्ताच्या आगमनाविषयीचे प्रवचन अशा अर्थाचे होते. लोकांनी मात्र त्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हटले आणि तेच नाव टिकले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन व तारणाऱ्याची वाट पाहणारा जुना करार. दुसऱ्यात प्रभू येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण. पहिल्या भागात छत्तीस व दुसऱ्यात एकोणसाठ अध्याय असून ओव्यांची संख्या दहा हजार नऊशे बासष्ट भरते.

ग्रंथाचा आरंभ मराठी ग्रंथांच्या रीतीप्रमाणे वंदनाने होतो. प्रथम परमेश्वराची स्तुती, मग कथा. ज्या भाषेत ती कथा सांगावयाची त्या मराठीचेही त्यांनी मनःपूर्वक कौतुक केले आहे, आणि ते आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतो, अशी मांडणी आहे. पण विल्टशरचा, व्यापाऱ्याचा पुत्र, छळातून निसटलेला, समुद्र ओलांडून आलेला थॉमस स्टीफन्स त्यात शोधू गेल्यास सापडत नाही. आपल्या प्रवासाची, संकटांची, विद्वत्तेची कहाणी ते गाऊ लागले असते तर लोकांनी ती आवडीने ऐकली असती. त्यांनी ती गाइली नाही. वाचणाराच्या नजरेसमोर फक्त प्रभू येशू उभा राहतो. लिहिणारा दाराबाहेर थांबलेला असतो. त्यांच्या नावाचीही हीच गत झाली. पोर्तुगीज त्यांना तोमास एश्तेव्हांव म्हणत; कोणी जन्मगावावरून बुश्टन म्हणत; आणि ते नावही कागदोपत्री वेडेवाकडे लिहिले गेले.

रविवारी व सणावारी देवळांत हे पुराण वाचले जाऊ लागले. एकाने म्हणावे व सर्वांनी ऐकावे, मग ऐकणाराने घरी जाऊन म्हणावे, असे ते पसरले. ज्या घरांत शांतता होती तेथे पुन्हा ओवी उमटली. लोकांनी ते आपले मानले. आणि कोणाही स्तवनकाराला याहून मोठे बक्षीस मिळू शकत नाही.

१६१९ साली गोव्यातच फादर स्टीफन्स यांनी देह ठेवला. त्यांचा कोकणी भाषेतील ख्रिस्ती सिद्धांताचा ग्रंथ १६२२ साली, आणि कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली रायतूर येथे प्रसिद्ध झाले. त्या व्याकरणात दुसऱ्या एका येशूसंघी धर्मगुरूने भर घातली होती. ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहण्यास ते नव्हते. त्यांनी पेरले, दुसऱ्यांनी कापले.

परंतु त्यांच्या कार्याची कसोटी अजून व्हावयाची होती. १६४९ व १६५४ साली पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. नंतर वारे फिरले. ता. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा बोलू लागावे आणि आपली देशी भाषा सोडावी. ज्या भाषेत फादर स्टीफन्स यांनी प्रभूची स्तुती ठेवली होती, तीच भाषा आता राज्यकर्त्यांना नकोशी झाली. छापखाना थांबला. त्या तीन जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही पुराण मेले नाही. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा मुलखात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले, जपले व म्हटले. नकलून घेणारांची नावे कोणास ठाऊक नाहीत. तेही आपल्या गुरूसारखेच मागे राहिले. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित असल्याचे जस्टिन ॲबट यांनी विद्वानांच्या निदर्शनास आणले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली व्यक्त केलेली इच्छा साडेतीनशे वर्षांनी फळास आली. देवाच्या दारी सत्कार्याची विनंती उशिरा मान्य होते, पण गहाळ होत नाही.

बंधुभगिनींनो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी प्रत्येकाला ग्रंथ रचता येणार नाही. पण प्रत्येकाला स्तुती करता येते, आणि स्तुती करताना स्वतःला बाजूला ठेवता येते. देवळात गाताना आपला आवाज इतरांपेक्षा उंच ऐकू यावा असे कित्येकदा आपणास वाटते. वाचन कोणी करावे, पुढे कोणी बसावे, देणगीदारांच्या यादीत कोणाचे नाव वर असावे, यावरून मने दुखावतात. प्रार्थनेतसुद्धा आपण आपलीच गाऱ्हाणी सांगत राहतो, आणि ज्याच्यासमोर उभे आहोत त्याच्याकडे पाहण्याचे राहून जाते. गाऱ्हाणी सांगणे पाप नव्हे. प्रभू ती ऐकतो. परंतु केवळ तो देव आहे म्हणून, काही न मागता, त्याचे गुणगान करणे ही प्रार्थनेची अधिक उंच पायरी होय. त्या पायरीवर चढताना ‘मी’ हे ओझे खाली ठेवावे लागते.

फादर स्टीफन्स यांनी ते ओझे तरुणपणी चाकराच्या वेषात खाली ठेवले, आणि पुन्हा कधी उचलले नाही. मायदेशात ज्याला उघडपणे देवाचे स्तवन करू दिले नाही, त्याने हजारो कोस दूर जाऊन मुक्या झालेल्या लोकांना स्तवनाची वाणी दिली. या महोत्सवाच्या दिवशी आपण सर्व एका स्वराने गाऊ तेव्हा त्या स्वरात आपला स्वर कोणता, हे कोणालाही ओळखू न येवो. परंतु तो स्वर प्रभूच्या सिंहासनापर्यंत पोहोचो, हीच त्या दयाघन परमेश्वराच्या चरणी नम्र प्रार्थना. आमेन.